मत, गणित आणि मैदान : ओहायो राज्यातील हायस्कूल फुटबॉलची क्रमवारी व बाद फेरी

सारांश

अमेरिकेतील ओहायो राज्यात सुमारे सातशे हायस्कुले फुटबॉल खेळतात; मात्र प्रत्येक शाळेला नियमित हंगामात केवळ १० सामने मिळतात. एवढ्या अपुऱ्या पुराव्यावरून राज्यातील सर्वोत्तम संघ ठरवायचा कसा, या प्रश्नाला त्या राज्याने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. प्रारंभी क्रीडावार्ताहरांचे मत निर्णायक होते. १९७२ पासून निश्चित सूत्रावर आधारलेले गुणांकन आणि त्यानंतरची बाद फेरी ही पद्धती रूढ झाली. या स्थित्यंतराचा, गुणांकनाच्या रचनेचा आणि तिच्या परिणामांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. क्रमवारी ही केवळ गुणवत्तेची नोंद नसून ती ज्यांना लागू होते त्यांच्या वर्तनालाही वळण देते, हे येथे स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : हायस्कूल फुटबॉल, ओहायो, क्रमवारी, हार्बिन गुणांकन, बाद फेरी, स्पर्धात्मक समतोल.

प्रस्तावना

फुटबॉल म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पायाने खेळला जाणारा, गोल चेंडूचा खेळ उभा राहतो. अमेरिकेत त्या खेळाला सॉकर म्हणतात. तेथील फुटबॉल हा लंबगोल चेंडूचा, प्रत्येकी अकरा खेळाडूंचा आणि अंगाला अंग भिडवून खेळण्याचा खेळ आहे. चेंडू हातात घेऊन पळता येतो, सहकाऱ्याकडे फेकता येतो आणि प्रतिस्पर्ध्याला तो घेऊन पळणाऱ्यास खाली पाडण्याची मुभा असते. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शिरस्त्राणे आणि खांद्यांवरची जाड कवचे घालूनच हा खेळ खेळावा लागतो, यावरून त्यातील आघातांची कल्पना यावी.

या आघातांमुळेच हा खेळ रोज खेळता येत नाही. एका सामन्यानंतर शरीराला सावरण्यासाठी आठवडा द्यावा लागतो. त्यामुळे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच्या नियमित हंगामात ओहायोतील शाळा १० सामने खेळते. हे सामने मुख्यतः शुक्रवारी रात्री होतात. लहान गावांत त्या रात्री शाळेचे मैदान हेच गावाचे चव्हाटे बनते. शाळेचा वाद्यवृंद, माजी विद्यार्थी, दुकानदार आणि आजी-आजोबा असे सारे तेथे जमतात. संघाचा क्रमांक कितवा, हा प्रश्न त्यामुळे केवळ क्रीडांगणापुरता राहत नाही. तो गावाच्या प्रतिष्ठेचा होतो.

समस्येचे स्वरूप

सातशे शाळांनी परस्परांशी एकेकदा खेळायचे ठरवले, तर एकूण २,४४,६५० सामने भरवावे लागतील. प्रत्यक्षात, प्रत्येकी १० या हिशेबाने आणि सर्व सामने राज्यातील शाळांतच झाले असे धरून, ३,५०० सामने होतात. म्हणजे संभाव्य ७० सामन्यांपैकी एकच खेळला जातो आणि उरलेल्या ६९ सामन्यांचा निकाल कोणालाही ठाऊक नसतो.

शिवाय जे सामने होतात तेही राज्यभर सारखे विखुरलेले नसतात. शाळा बहुधा जवळपासच्या शाळांशीच खेळतात. ईरी सरोवराकाठचे क्लीव्हलँड आणि ओहायो नदीकाठचे सिनसिनाटी ही राज्याची दोन टोके. दोन्हीकडे एकेक अपराजित संघ असला, तर त्यांतील श्रेष्ठ कोण हे सांगायला त्यांचा समान प्रतिस्पर्धीही सापडत नाही. कोणत्याही क्रमवारीला ही पोकळी कशाने तरी भरून काढावी लागते. ती जाणकारांच्या मताने, एखाद्या सूत्राने किंवा प्रत्यक्ष सामन्याने भरता येते. ओहायोने हे तिन्ही मार्ग अनुसरले.

मताचे युग

ओहायोतील शालेय क्रीडा संघटना १९०७ मध्ये स्थापन झाली. तथापि तिने फुटबॉलसाठी राज्यस्तरीय बाद फेरी १९७२ पर्यंत घेतली नाही. तोवर राज्यविजेता ठरवण्याचे काम वृत्तपत्रांतील क्रीडावार्ताहर करीत. १९४७ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मतदानाला विशेष मान मिळाला. हंगामाअखेर त्यात अग्रस्थानी असलेला संघ राज्यविजेता मानला जाई.

या युगाचे सर्वांत ठळक नाव म्हणजे मॅसिलॉन. राज्याच्या ईशान्य भागातील स्टार्क परगण्यातील या पोलादनगरीत फुटबॉलला कुलाचाराचे स्थान आहे. गावात जन्मलेल्या मुलाच्या पाळण्यात लहानसा फुटबॉल ठेवण्याची तेथील प्रथा अमेरिकाभर परिचित आहे. पॉल ब्राउन हे १९३२ ते १९४० या काळात मॅसिलॉनच्या वॉशिंग्टन हायस्कूलचे प्रशिक्षक होते. त्यांच्या नऊ वर्षांत संघाने ८० सामने जिंकले, ८ गमावले आणि २ बरोबरीत सोडवले. १९३५ ते १९४० अशी सलग सहा वर्षे राज्यविजेतेपदाचा कौल या शाळेला मिळाला. पुढे ब्राउन यांनी व्यावसायिक फुटबॉलमध्येही मोठे नाव कमावले. क्लीव्हलँडचा व्यावसायिक संघ आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मतदानाच्या पद्धतीत एक प्रकारचा शहाणपणा होता. मुरलेला वार्ताहर केवळ निकाल पाहत नसे. विजय कोणत्या परिस्थितीत मिळाला आणि पराभवात किती झुंज होती, हेही तो लक्षात घेई. परंतु एका माणसाने एका शुक्रवारी एकच सामना पाहायचा, हे बंधन त्यालाही होते. न पाहिलेल्या संघाविषयी मत देताना त्याला जुनी कीर्ती, सहकाऱ्यांचे बोलणे आणि वृत्तपत्रातील आकडे यांचाच आधार घ्यावा लागे. साहजिकच ज्यांचे नाव आधीपासून झाले होते त्यांना या पद्धतीचा लाभ होत असे. नव्याने बलवान झालेल्या अथवा आडबाजूच्या शाळेला मात्र दखल घेतली जाण्याची वाट पाहावी लागे. शिवाय दोन अपराजित संघांपैकी दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्याला दाद मागायला मैदानच उपलब्ध नव्हते. आपण हरलो नाही तरी विजेते नाही, ही सल घेऊनच त्याचा हंगाम संपे.

हार्बिन गुणांकन : रचना आणि अर्थ

१९७२ मध्ये ओहायोने बाद फेरी सुरू केली. शाळांचे पटसंख्येनुसार तीन वर्ग करण्यात आले आणि प्रत्येक वर्गातून चार, असे एकूण १२ संघ निवडण्याचे ठरले. सातशे शाळांतून १२ निवडणे हे नाजूक काम होते. ते मतावर सोपवले असते, तर जुनाच वाद नव्या दाराने आत आला असता. म्हणून क्लीव्हलँडचे जॅक हार्बिन यांनी विकसित केलेल्या गुणांकनाचा अवलंब करण्यात आला. आकडेमोड संगणकावर होत असल्याने लोक त्यास ‘संगणक गुण’ म्हणू लागले. परंतु त्यातील तर्क इतका सरळ आहे की चिकाटी असलेला कोणीही तो कागद-पेन्सिलीने पडताळू शकतो.

या गुणांकनाचे दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर संघाला प्रत्येक विजयासाठी गुण मिळतात. हरवलेली शाळा ज्या श्रेणीतील असेल तिच्यावर हे गुण अवलंबून असतात. सर्वांत मोठ्या शाळांच्या श्रेणीला सर्वाधिक मोल असते आणि पुढील प्रत्येक श्रेणीगणिक अर्धा गुण कमी होतो. दुसऱ्या स्तरावर, आपण हरवलेल्या संघांनी स्वतः जे विजय मिळवले असतील त्यांचे गुण आपल्या खाती जमा होतात. पहिल्या स्तरावरील गुणांना आपल्या सामन्यांच्या संख्येने भागतात. दुसऱ्या स्तरावरील गुणांना प्रतिस्पर्ध्यांच्या एकूण सामन्यांच्या संख्येने भागून दहाने गुणतात. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या संघाची सरासरी होय.

एका ढोबळ उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सोयीसाठी प्रत्येक विजयाचे मोल ५ गुण मानू. ‘क’ शाळेने १० पैकी ८ सामने जिंकले. तिचे पहिल्या स्तरावरील गुण ४० आणि सरासरी ४ झाली. तिने हरवलेल्या आठ शाळांनी मिळून ३० सामने जिंकले असतील, तर दुसऱ्या स्तरावरील गुण १५० होतात. तिच्या दहा प्रतिस्पर्ध्यांचे एकूण सामने १०० धरले, तर भागाकार दीड आणि त्याची दहापट १५ होते. अशा रीतीने ‘क’ची सरासरी १९ येते. आता त्या आठ शाळांपैकी एखादीने आणखी एक सामना जिंकला, तर ‘क’ने मैदानावर पाऊलही न ठेवता तिची सरासरी साडेएकोणीस होते. दोन संघांमधील अंतर कित्येकदा अर्ध्या गुणाहूनही कमी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाढीचे महत्त्व कळते.

या सूत्रात जे आहे त्याइतकेच जे नाही तेही अर्थपूर्ण आहे. विजय किती फरकाने मिळाला याला येथे काहीही किंमत नाही. क्रिकेटमधील निव्वळ धावगतीशी परिचित असलेल्या वाचकाला हा भेद चटकन उमगेल. धावगतीच्या नियमामुळे दुबळ्या संघाला शक्य तितक्या मोठ्या फरकाने हरवणे लाभदायक ठरते. हार्बिन पद्धतीत एका गुणाने मिळवलेला विजय आणि पन्नास गुणांनी मिळवलेला विजय समान आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या खेळात, ज्यात दमलेला खेळाडू जखमी होण्याची भीती अधिक, हरलेल्या संघाला आणखी चिरडण्याचे आमिष ठेवलेले नाही, ही या सूत्राची जमेची बाजू मानावी लागेल.

राज्यव्यापी अवधानाची निर्मिती

दुसऱ्या स्तराचा एक सामाजिक परिणाम झाला. संघाचा क्रमांक स्वतःच्या निकालांइतकाच इतरांच्या निकालांवर अवलंबून राहू लागल्याने पाठिराख्याला आपल्या मैदानापलीकडे पाहणे भाग पडले. आपण तीन आठवड्यांपूर्वी ज्या शाळेला हरवले तिने आज जिंकावे, अशी त्याची इच्छा असते. ती शाळा आज ज्या शाळेशी खेळते आहे तिचे नावही त्याने पूर्वी ऐकलेले नसते. तरीही त्या सामन्याचा निकाल कळेपर्यंत त्याला चैन पडत नाही.

ज्या प्रतिस्पर्ध्याच्या पराभवाने पूर्वी आनंद झाला त्याच्याच विजयासाठी आता प्रार्थना करायची, असा हा विलक्षण व्यवहार आहे. शेजारच्या गावाशी असलेले पिढीजात वैर आणि गणिताने निर्माण केलेले हितसंबंध यांची येथे गाठ पडते. मॅसिलॉन आणि कँटन मॅकिन्ली यांच्यातील वैर १८९४ पासूनचे आहे. तथापि त्यांच्यातील सामना बहुधा नियमित हंगामाच्या शेवटी होत असल्याने, त्यात जिंकणाऱ्याला हरलेल्या शत्रूने हंगामभर मिळवलेले विजयच कामी येतात. शत्रू जितका बलवान, तितके त्याला हरवण्याचे मोल अधिक, ही लोकांची जुनी भावना होतीच. गुणांकनाने तिला आकड्यांचे रूप दिले.

येथे एक बारकावा लक्षात ठेवला पाहिजे. हार्बिन गुणांकन राज्यातील पहिला संघ ठरवत नाही. प्रत्येक श्रेणीचे चार भौगोलिक विभाग असतात आणि गुणांकन विभागातील क्रम तेवढा लावते. विभागाचा विजेता, त्यानंतर उपांत्य आणि अंतिम फेरी हे सारे मैदानावर ठरते. म्हणजे सूत्राकडे दार उघडण्याचे काम आहे. विजेता घोषित करण्याचे नाही. वार्ताहरांचे मतदान १९७२ नंतरही चालू राहिले, चर्चेचा विषयही होत राहिले. परंतु बाद फेरीत कोणी खेळावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला उरला नाही.

बदललेली सत्तास्थाने

पद्धत बदलताच विजेत्यांची नावेही बदलली. सिनसिनाटीतील मोलर या कॅथलिक शाळेने जेरी फॉस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली १९७५, १९७६, १९७७, १९७९ आणि १९८० अशी पाच वर्षे मोठ्या शाळांचे विजेतेपद मिळवले. क्लीव्हलँडच्या सेंट इग्नेशियस या दुसऱ्या कॅथलिक शाळेने १९८८ ते २०११ या काळात ११ विजेतेपदे पटकावली. राज्याच्या पश्चिमेकडील मर्सर परगण्यात, शेतीवर जगणाऱ्या मारिया स्टाइन या खेड्यातील मॅरियन लोकल या छोट्या शाळेने २००० मध्ये पहिले राज्यविजेतेपद मिळवले आणि २०२४ पर्यंत ही संख्या १५ वर नेली. केवळ मतदानाच्या युगात अशा शाळेचे नाव राज्यभर दुमदुमले असते, असे म्हणणे कठीण आहे.

याउलट मॅसिलॉनचे भाग्य पालटले. १९७० मध्ये मतदानाने राज्यविजेता ठरलेल्या या शाळेला बाद फेरीतील विजेतेपद दीर्घकाळ हुलकावणी देत राहिले. १९८०, १९८२, २००५, २०१८, २०१९ आणि २०२० अशा सहा वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि सहाही वेळा हरला. ज्या गावाच्या भिंतींवर विजेतेपदांची वर्षे रंगवलेली, त्या गावाला ‘ती सारी मतांची विजेतेपदे, मैदानावरचे एकही नाही’ असे टोमणे ऐकावे लागत. अखेर ३० नोव्हेंबर २०२३ रोजी कँटन येथे झालेल्या दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात मॅसिलॉनने ॲक्रनच्या आर्चबिशप होबन शाळेला ७-२ असे हरवले. १९७० आणि २०२३ यांमध्ये ५३ वर्षांचे अंतर आहे. जुनी विजेतेपदे खोटी होती असे यावरून सिद्ध होत नाही. त्या काळी उपलब्ध असलेला तोच मार्ग होता. परंतु एकदा मैदानाचा मार्ग खुला झाल्यावर केवळ मतावर कोणाचेच समाधान होईना, एवढे मात्र या दीर्घ प्रतीक्षेतून दिसते.

आक्षेप आणि दुरुस्त्या

हार्बिन गुणांकनावर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप पराभवाविषयीचा आहे. बलाढ्य संघाशी निकराने झुंजून हरलेल्या संघाला त्या सामन्याचे काहीच गुण मिळत नाहीत. त्यामुळे ज्यांना हरवता येईल आणि जे इतरांना हरवतील असेच प्रतिस्पर्धी निवडण्याकडे शाळांचा कल होतो. अतिबलवान शाळांना त्यामुळे राज्यात सामने मिळणे अवघड जाते आणि त्यांना परराज्यांतील संघांशी सामने ठरवावे लागतात. क्रमवारी गुणवत्ता मोजता मोजता सामन्यांचे वेळापत्रकही ठरवू लागते, ते असे.

दुसरा आक्षेप आकारमानाविषयीचा आहे. पहिल्या स्तरावर शाळेची श्रेणी, म्हणजे तिची पटसंख्या, मोजली जाते. तिचे खेळातील बळ नव्हे. मोठी पण दुबळी शाळा आणि लहान पण बलवान शाळा यांतील भेद पहिल्या स्तराला दिसत नाही. दुसरा स्तर ही उणीव बऱ्याच अंशी, पण पूर्णपणे नव्हे, भरून काढतो.

तिसरा आक्षेप गुणांकनाहून अधिक खोल आहे. सरकारी शाळेत त्या त्या शालेय क्षेत्रातील मुले येतात, तर खासगी शाळा दूरदूरच्या वस्त्यांतून विद्यार्थी घेऊ शकते. दोघांची पटसंख्या सारखी असली म्हणून त्यांची संधी सारखी ठरते काय? खासगी शाळांच्या वाट्याला येणाऱ्या विजेतेपदांमुळे हा प्रश्न तीव्र झाला. यावरील उपायाचे प्रस्ताव २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये सदस्य शाळांच्या मतदानात फेटाळले गेले. २०१४ मध्ये ‘स्पर्धात्मक समतोल’ या नावाने प्रस्ताव संमत झाला आणि २०१७-१८ पासून तो अमलात आला. त्यानुसार शाळेच्या नेहमीच्या प्रवेशक्षेत्राबाहेरून आलेले खेळाडू संघात असतील, तर श्रेणी ठरवताना पटसंख्येत वाढीव भर घातली जाते. सूत्र कोणाला न्याय देते हे पाहण्यापूर्वी सूत्रात कोणते आकडे घालायचे, यावरच समाजाला एकमत करावे लागते, हा या प्रसंगाचा बोध होय.

काळाच्या ओघात बाद फेरीचे दारही रुंदावत गेले. १९७२ मध्ये राज्यातून १२ संघ निवडले जात. १९९९ मध्ये सहा श्रेणींतून प्रत्येकी ३२, म्हणजे १९२ संघ पात्र ठरू लागले. २०१३ मध्ये सातवी श्रेणी निर्माण झाल्यावर ही संख्या २२४ झाली आणि २०२१ मध्ये ती ४४८ वर गेली. सर्वांत मोठ्या शाळांच्या श्रेणीत तर ७२ च्या आसपास शाळा आणि ६४ जागा, अशी स्थिती आली. जवळजवळ सर्वांनाच प्रवेश मिळाला, तर हंगामभराच्या चुरशीला अर्थ काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक होते. २०२५ पासून प्रत्येक विभागातून १२, म्हणजे एकूण ३३६ संघ घेण्याचे ठरले आणि विभागातील पहिल्या चार संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळू लागली.

२०२० चा हंगाम या संदर्भात अभ्यसनीय आहे. कोविड महासाथीमुळे नियमित हंगाम सहा सामन्यांपुरता मर्यादित झाला. एवढ्या थोड्या निकालांवर दोन स्तरांचे गणित उभे राहणे शक्य नव्हते. म्हणून इच्छुक सर्व शाळांना बाद फेरीत प्रवेश देण्यात आला आणि विभागातील मानांकन प्रशिक्षकांच्या मतांनी ठरवले गेले. ज्या मताला १९७२ मध्ये निरोप दिला होता, त्यालाच एका वर्षासाठी पुन्हा बोलावणे धाडावे लागले.

टेक्सासचे वेगळे उत्तर

ओहायोच्या पद्धतीचे वेगळेपण टेक्सासशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. फुटबॉलवेडाबद्दल प्रसिद्ध असलेल्या या राज्यात शालेय स्पर्धांचे नियमन १९१० मध्ये स्थापन झालेली विद्यापीठीय आंतरशालेय संघटना करते. तेथे १९२० च्या हंगामापासून राज्यविजेतेपदाचा सामना होतो. पहिलाच अंतिम सामना ०-० असा बरोबरीत सुटला आणि ह्यूस्टनची हाइट्स व क्लीबर्न या दोन शाळा संयुक्त विजेत्या ठरल्या. टेक्सासमध्ये वृत्तपत्रे आणि नियतकालिके क्रमवाऱ्या प्रसिद्ध करतात, लोक त्यांवर हिरिरीने वाद घालतात. पण बाद फेरीतील प्रवेशाशी त्यांचा काहीही संबंध नसतो. दर दोन वर्षांनी शाळांची पटसंख्येनुसार आणि भूगोलानुसार जिल्हागटांत फेरमांडणी होते. गटातील शाळा परस्परांशी खेळतात आणि सध्याच्या पद्धतीत पहिल्या चार शाळा पुढे जातात.

ही पद्धत समजायला सोपी आहे. परंतु तिलाही आपले पेच आहेत. एका गटात पाच उत्तम संघ आले, तर त्यांतील एकाला घरी बसावे लागते आणि दुबळ्या गटातील चौथा संघ पुढे जातो. समान गुण झाल्यास काय करायचे, हाही प्रश्न उरतो. बाद फेरीतील बरोबरी सोडवण्यासाठी एके काळी प्रतिस्पर्ध्याच्या २० यार्डांच्या रेषेआत किती वेळा मुसंडी मारली, हे मोजले जाई. १९८८ मध्ये ओडेसाची पर्मियन आणि मिडलंडच्या ली व मिडलंड हाय या तीन शाळा गटात बरोबरीत राहिल्या. पुढे जाणाऱ्या दोन शाळा कोणत्या, हे नाणेफेकीने ठरले आणि मिडलंड हायचा हंगाम तेथेच संपला. क्रमवारीला दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेला शेवटी दैवाचा आश्रय घ्यावा लागला, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

‘राज्यविजेता’ या शब्दातील ‘राज्य’ म्हणजे कोण, हा प्रश्नही टेक्सासच्या इतिहासात दडलेला आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय शाळांना मुख्य संघटनेत स्थान नव्हते. प्रेअरी व्ह्यू येथून चालवली जाणारी त्यांची स्वतंत्र संघटना होती. १९६७ पासून या शाळा मुख्य स्पर्धेत येऊ लागल्या आणि १९७० पर्यंत ती वेगळी संघटना संपुष्टात आली. त्यापूर्वीच्या विजेत्यांच्या याद्या वाचताना, त्या संपूर्ण राज्याच्या नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. कोणतीही क्रमवारी ज्यांना मोजत नाही त्यांच्याविषयी गप्प राहते, आणि या शांततेची नोंद तक्त्यात कोठेही नसते.

निष्कर्ष

१. सामन्यांची संख्या मर्यादित असल्याने कोणतीही राज्यस्तरीय क्रमवारी अपुऱ्या पुराव्यावरच उभी असते. मत, सूत्र, भौगोलिक गट वा नाणेफेक हे ती उणीव भरून काढण्याचे निरनिराळे मार्ग आहेत.

२. हार्बिन गुणांकनाचे सामर्थ्य अचूकतेपेक्षा पारदर्शकतेत आहे. नियम हंगामापूर्वी ठाऊक असतात आणि निकाल कोणालाही पडताळता येतो. मताशी वाद घालता येतो, पण त्याची फेरतपासणी करता येत नाही.

३. क्रमवारी वर्तन घडवते. विजयाचा फरक न मोजल्याने खेळातील निष्ठुरतेला आळा बसतो. पराभवाला शून्य मोल दिल्याने बलवानांशी सामना टाळण्याची प्रवृत्ती वाढते. दोन्ही परिणाम एकाच सूत्राचे आहेत.

४. परस्परांच्या विजयांवर अवलंबून असलेल्या गुणांमुळे विखुरलेल्या गावांत एकमेकांविषयी औत्सुक्य निर्माण होते. राज्य ही केवळ प्रशासकीय सीमा न राहता शुक्रवारच्या रात्री एकाच वेळी निकालांची वाट पाहणारा समुदाय बनते.

५. कोणाची गणना करायची आणि कोणत्या आकड्यांनी करायची, हे निर्णय सूत्राबाहेर घेतले जातात. ते समाजाचे निर्णय असतात व त्यांची जबाबदारी संगणकावर टाकता येत नाही.

ओहायोतील व्यवस्था अर्धशतकात अनेकदा बदलली आणि पुढेही बदलेल. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या खेळाडूला मात्र त्या बदलांचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. शेवटचा सामना संपल्यावर आपल्याला पुढच्या शुक्रवारी खेळायचे आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते. त्याला मिळणारे उत्तर अनुकूल असेलच असे नाही. ते का मिळाले हे त्याला समजावून सांगता येणे, हीच चांगल्या पद्धतीची कसोटी होय.